बाटलीतून बाल्कनीत

गेल्या मार्चमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, मी रिक्षात आणि मांडीवर तीन काचेच्या बाटल्या. जॅमच्या असतात ना, अगदी तश्शाच. फक्त आत जॅमऐवजी पारदर्शक जेली आणि त्या जेलीत उभी केलेली इवली इवली हिरवीगार रोपं. एका बाटलीत १२, म्हणजे एकूण ३६. रिक्षावाल्या काकांनी आरशातून दोनदा पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "म्याडम, लोणचं का?"

लोणचं नव्हतं हो. ब्रोमेलियाड होतं!

नाव ऐकून दचकू नका. हे झाड तुम्ही शंभरदा पाहिलंय. मोठ्या हॉटेलच्या लॉबीत, डेंटिस्टच्या रिसेप्शनवर, नाहीतर तुमच्याच ऑफिसात एचआरच्या केबिनबाहेर. चकचकीत हिरव्या पानांचा गुच्छ आणि मधोमध लालभडक तुरा. आठवडेच्या आठवडे तसाच. आपण जाता-येता बोटाने दाबून बघतो, प्लास्टिकचं तर नाही ना म्हणून. तेच ते. गुझमानिया हे त्याचं नाव आणि ब्रोमेलियाड हे घराणं. या घराण्यातला एक मेंबर तर आपल्या फ्रूट सॅलडमध्ये असतो. अननस! अमेरिका खंडातलं हे फळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणलं आणि येताना नावही सोबत आणलं. ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांकडे आणि तिथून थेट आपल्या बाजारात. जहांगीर बादशहानेही आपल्या आठवणींमध्ये अननसाची नोंद केलीय.

तर माझा प्लॅन साधा होता. शाळेतली एक मैत्रीण वनस्पतिशास्त्रात पीएचडी करून आता टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते. तिच्याकडून रोपं आणायची, बाल्कनीत वाढवायची, दोनेक वर्षांनी सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर विकायची. चक्क साइड बिझनेस! मी एक्सेल शीटसुद्धा केली होती. खर्च, विक्री, नफा. "किती जगतील?" या कॉलमची गरजच वाटली नव्हती. ३६ आणली म्हणजे ३६ विकायची, सोप्पं गणित.

मैत्रिणीने देताना बजावलं होतं, "अगं, लगेच उघडू नकोस. मी फोन करते, नीट सांगते." पण तिचा फोन येईपर्यंत थांबतंय कोण? घरी आल्या आल्या मी जेली धुऊन टाकली, रोपं गोंडस सिरॅमिक कुंड्यांमध्ये लावली आणि पश्चिमेच्या बाल्कनीत रांगेत मांडली. फोटो काढले. लाइक्स आले. ३२ रोपं लावून झाल्यावर कुंड्या संपल्या. उरलेली चार दह्याच्या रिकाम्या डब्यात खोचली आणि डबा बाथरूमच्या खिडकीत, जागा मिळेल तिथे ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत बाल्कनीतली पानं सुतळीसारखी वळली. मी पाणी घातलं. रविवारी टोकं तपकिरी झाली. आणखी पाणी घातलं. मंगळवारी अर्धी गेली. पुढच्या शनिवारी बाल्कनीत एकही जिवंत रोप नव्हतं. आणि बाथरूममधली ती चार? मस्त हिरवीगार! त्यांच्याकडे आठवडाभर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट.

माझी धाकटी बहीण १ मार्चला सांगलीहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. पहिली नोकरी, खराडीला. आम्हा दोघींत नऊ वर्षांचं अंतर. शेंडेफळ असल्यामुळे तिचे लाडही तसेच. कॉलेजला बाबा स्कूटरवरून सोडायचे, डबा आई भरायची, बँकेचा फॉर्मसुद्धा बाबाच भरायचे. मुलगी हुशार, पहिल्या वर्गात पास. पण एकटीने रस्ता क्रॉस करायची वेळ फारशी कधी आलीच नव्हती.

मी ठरवलं, हिला आता स्ट्राँग करायचं. पहिल्याच दिवशी सांगितलं, "मेट्रो वनाजहून रामवाडीपर्यंत, तिथून बस. डबा तुझा तू करायचा. पुण्यात कुणी कुणाचं बोट धरत नाही." ऑफिसातही तेच चाललेलं. सहा महिने ट्रेनिंग म्हणून घेतलं होतं, पण टीममधलं कुणीतरी सोडून गेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला थेट क्लायंट कॉलवर बसवलं. कॉलवर तिची वाचाच बसली. नंतर मॅनेजरचा मेसेज आला, आणखी प्रोअॅक्टिव्ह व्हा.

गुरुवारी रात्री ती माझ्या खोलीत आली. हातात मोबाइल, त्यात राजीनाम्याचा मेल टाइप केलेला.

"ताई, हा जरा वाचतेस का? इंग्लिश बरोबर आहे ना बघ."

मी वाचला आणि भडकले. "अगं सतरा दिवस झालेत फक्त! आम्हीपण आलो होतो असंच. कुणी कौतुक केलं नव्हतं. रडत बसलो असतो तर आज इथे नसतो. होते सवय, जा झोप."

ती काही बोलली नाही. मोबाइल घेतला आणि गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज मात्र आला.

शनिवारी मैत्रीण घरी आली, ती थेट बाल्कनीत. ३२ कुंड्यांकडे पाहून कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता विचारेल पाणी किती घातलंस. पण तिने विचारलं, "बाटलीत हवा कशी असते माहितीये का तुला?"

मग तिने चहाच्या दोन कपांत मला जे शिकवलं, ते आता तुम्हाला सांगते.

बाटलीतलं रोप म्हणजे पंचतारांकित हॉटेलातला पाहुणा. हवेत आर्द्रता जवळजवळ १०० टक्के. तापमान २५ अंशांच्या आसपास, एसी कधी बंद पडत नाही. ट्यूबलाइट १६ तास चालू, ८ तास बंद. प्रकाश मात्र बेताचाच, भर दुपारच्या उन्हाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढा. आणि जेवण? ती जेली. लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर, शिवाय सगळे क्षार आणि व्हिटॅमिन्स. मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दिलेली ही रेसिपी आजही जगभरच्या लॅब वापरतात. आत ना जंतू, ना वारा.

आता सांगा, असं आयतं मिळत असेल तर कष्ट कोण करेल? रोपही करत नाही. पानावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर असतो, तो इथे नावापुरताच येतो. कशाला हवाय, हवा तर ओलीच आहे. पानावरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, गरज पडली की बंद व्हायला हवीत. बाटलीत कधी गरजच पडत नाही, त्यामुळे ती उघडीच राहतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायची यंत्रणा असते, पण साखर जेलीतून येतेय म्हटल्यावर ती अर्धवटच तयार होते. मुळंही नाजूक, पाणी ओढायच्या कामाची फारशी नाहीत. दिसायला हिरवंगार, टवटवीत. पण आतून नवशिकं.

आणि असं रोप मी पुण्यातल्या मार्चच्या दुपारी पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली घसरते. मेण नाही, दारं सताड उघडी. पानातलं पाणी तासाभरात उडून जातं. वरून कितीही ओता, मुळं ते ओढतच नाहीत.

"म्हणजे तहानेने गेली?" मी विचारलं.

"तहान अर्धीच गोष्ट. अर्धी उन्हाची."

ही अर्धी गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटली. पान ऊन पकडतं, ते हिरव्या रंगद्रव्याचं कामच आहे. पकडलेली ती ऊर्जा पुढे साखर बनवण्यात खर्च व्हायला हवी. पण पुढचं डिपार्टमेंटच अजून नीट उभं राहिलेलं नाही! ऊर्जा येत राहते, तिला काम नाही. मग ती ऑक्सिजनकडे वळते आणि त्यातून तयार होतात ऑक्सिजनची आक्रमक रूपं. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. ती पेशींच्या पडद्यांवर तुटून पडतात, हिरवा रंग जाळतात. दिवसभर इनबॉक्समध्ये मेल कोसळताहेत आणि एकाही मेलला उत्तर द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, अशी कल्पना करा. संध्याकाळी डोकं कसं होतं? तसंच त्या पानाचं होतं.

रोप गप्प बसून मार खातं असं मात्र नाही. ते लढतं. ही आक्रमक रूपं निकामी करणारी एन्झाइम्स त्याच्याकडे असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, पेरॉक्सिडेज. बाहेर काढल्यावर रोप त्यांचं उत्पादन वाढवतं. प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवतं, म्हणजे पेशीत पाणी टिकून राहतं. अॅब्सिसिक आम्ल नावाचं हार्मोन सोडून रंध्रांना निरोप धाडतं, "बंद व्हा!" शास्त्रज्ञ हेच सगळं मोजतात. पडद्यांची किती मोडतोड झाली हे मॅलॉन्डायअल्डिहाइड या पदार्थाच्या प्रमाणावरून कळतं. आणि पान किती ताणाखाली आहे हे ओळखायची एक झकास युक्ती आहे. पान २०-३० मिनिटं अंधारात ठेवायचं, मग त्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि पानातून परत येणारी अंधुक लाल चमक मोजायची. धडधाकट पानाचा आकडा ०.८३ च्या जवळ येतो. तो बराच खाली गेला की समजायचं, साहेब प्रेशरमध्ये आहेत.

(असं एक यंत्र आपल्या ऑफिसच्या गेटवर बसवलं तर? आकडे बघून एचआरलाच घाम फुटेल!)

"म्हणजे ताण वाईटच," मी म्हटलं.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "ताण आला नाही तर मेण कशाला तयार होईल? रंध्रं मिटायला कशी शिकतील? प्रश्न ताणाचा नाही, डोसाचा आहे. लढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मिळाला पाहिजे. तू एका दुपारी सगळं ओतलंस."

याला त्यांच्या भाषेत म्हणतात हार्डनिंग. आपल्या जळगावच्या केळीवाल्यांना हा शब्द तोंडपाठ आहे. तिथे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, म्हणजे जी-नाइन केळी लावतात, पण बाटलीतलं रोप कुणी थेट शेतात नेत नाही. आधी प्रायमरी हार्डनिंग, दमट आणि सावलीच्या जागी. मग सेकंडरी, पिशवीत, शेडनेटखाली. त्यानंतर शेत. पुण्यालाही या विद्येची जुनी परंपरा आहे. १९९० मध्ये आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी चक्क बाटलीत बांबूला फुलं आणून दाखवली. ज्या बांबूला फुलायला एरवी कित्येक दशकं लागतात त्याला! ती बातमी 'नेचर'मध्ये छापून आली होती. पण फुलं बाटलीत आणता आली तरी बाहेरची हवा सोसायला शिकायचं काम रोपाचं रोपालाच करावं लागतं. आपण फक्त वेळ देऊ शकतो.

ब्रोमेलियाडच्या बाबतीत आणखी एक गंमत. मोठं झाल्यावर हे घराणं कमालीचं टफ असतं. यातल्या कित्येक जाती जंगलात झाडांच्या फांद्यांवर बसून जगतात. मुळं फक्त धरून ठेवायला. पानांच्या गुच्छात मध्ये एक पेला तयार होतो, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि पानांवरचे बारीक खवले ते शोषतात. बरेच जण तर नाइट शिफ्ट करतात. अननस घ्या. दिवसा रंध्रं बंद. रात्री गारव्यात ती उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करायची. गुझमानियाची एक जात, गुझमानिया मोनोस्टॅकिया, तर आणखी चलाख. पाणी भरपूर असेल तर डे शिफ्ट, पाण्याची टंचाई झाली की हळूहळू नाइट शिफ्टकडे सरकते.

रिओ दि जानेरोजवळच्या डोंगरांत उघड्या कातळावर अल्कँटेरिया इम्पिरियालिस नावाची राक्षसी ब्रोमेलियाड वाढते. फुलायला दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त. ब्राझीलचे प्रख्यात उद्यानरचनाकार रॉबेर्तू बुर्ले मार्क्स यांनी ती बागांमध्ये वापरली. लोकांना ती इतकी आवडली की डोंगरावरून उपटून न्यायची रांग लागली. म्हणून तिथले संशोधक आता ती बाटलीत वाढवतात. १५ अंशांच्या गारव्यात ठेवली की तिची वाढ मंदावते, म्हणजे थोड्या जागेत बराच काळ सांभाळता येते. पण शेवटी कुठल्यातरी दिवशी तिलाही बाटलीबाहेर यावंच लागतं. तापलेल्या कातळावर वर्षानुवर्षं जगणारं झाड, पण बाटलीतून निघाल्यावरचे पहिले काही आठवडे सांभाळले नाहीत तर जाऊ शकतं. टफ घराण्यात जन्मल्याने कुणी पहिल्या दिवसापासून टफ होत नाही.

मैत्रीण जाताना आणखी एक वाक्य बोलली. "एक लक्षात ठेव. बाटलीत आलेली जुनी पानं बहुतेक वेळा सुधारत नाहीत. बाहेर आल्यावर फुटणारं नवीन पान मात्र मेणाचा थर घेऊनच येतं. आपलं काम एवढंच, नवीन पान येईपर्यंत जुनी तगवायची."

रात्री जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगत होते. बहीण मैत्रिणीकडे गेली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि तुझं हार्डनिंग कुणी केलं होतं?"

"माझं? कुणी नाही. मी एकटी आले होते पुण्यात."

"सदाशिव पेठेतली आत्या?"

मी घास तोंडात धरून बसले.

आत्या! पहिलं अख्खं वर्ष मी दर रविवारी आत्याकडे जेवायला जायचे. धुण्याची पिशवी घेऊन. पहिल्या पगारात बँकेत खातं उघडायला काका सोबत आले होते. होस्टेलवरची रूममेट एक वर्षाने मोठी होती, तिने मला बसचे नंबर वहीत लिहून दिले होते. पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरचे एक सर माझे मेल पाठवायच्या आधी वाचून द्यायचे. तीन महिने! एवढी सगळी सावली होती डोक्यावर. आणि मी सगळीकडे सांगत फिरत होते, कुणी बोट धरलं नाही. खोटं बोलत नव्हते हो. खरंच विसरले होते.

आपल्या पिढीची ही खास सवय आहे बघा. ऑफिसच्या भिंतीवर पोस्टर असतं, कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा. ते लावणाऱ्याच्या स्वतःच्या पहिल्या सहा महिन्यांत कोण कोण उभं होतं, हे मात्र पोस्टरवर नसतं. नव्या पोराला पाण्यात ढकलायचं, तरला तर टॅलेंट, बुडाला तर अॅटिट्यूड प्रॉब्लेम. माझ्या बाल्कनीत मी हेच केलं होतं. ३२ पैकी ३२ बुडाले. सगळ्यांचाच अॅटिट्यूड प्रॉब्लेम असेल का?

बहीण घरी आली तेव्हा मी तिला सॉरी म्हटलं. मोठ्या बहिणीच्या तोंडून हा शब्द निघायला फार जड जातो, सांगते. मग म्हटलं, "मेल डिलीट नको करूस. ड्राफ्टमध्ये राहू दे. चार आठवड्यांनी पाठवावासा वाटला तर मीच इंग्लिश तपासून देईन."

पहिला आठवडा मी तिच्यासोबत रामवाडीपर्यंत गेले आणि तिथून उलट आले. माझं ऑफिस डेक्कनला, म्हणजे रोज उशीर. दुसऱ्या आठवड्यात वनाज स्टेशनपर्यंत. तिसऱ्यात सोसायटीच्या गेटपर्यंत. डबा पहिल्या आठवड्यात मी केला, मग पोळ्या माझ्या आणि भाजी तिची. ऑफिसात तिने मॅनेजरशी बोलायचं ठरवलं. काय बोलायचं ते आम्ही दोघींनी किचनमध्ये तीनदा प्रॅक्टिस केलं. दोन आठवडे कॉलवर फक्त ऐकते आणि मिनिट्स लिहिते, मग पाच मिनिटांचा एक भाग मांडते, मग पूर्ण कॉल. मॅनेजर बाई चक्क हो म्हणाल्या. सगळेच म्हणतील असं नाही, आमचं नशीब.

तिसऱ्या आठवड्यात गेटवर तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ताई, खरं सांग. तू माझं हार्डनिंग करतेयस का?"

तोपर्यंत घरात दुसरी बॅच आली होती ना! २४ रोपं. बाथरूमच्या खिडकीने मला फॉर्म्युला शिकवलाच होता. ओलसर हवा, मंद उजेड आणि कुणाची लुडबूड नाही. या वेळी पारदर्शक झाकणाचे डबे, झाकण उघडायचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं. २४ पैकी १९ जगली. गेलेल्या पाचांपैकी एक कबुतराने उपटलं, दोन का गेली कळलं नाही. उरलेली दोन माझ्या मायेने गेली. ती सगळ्यात लहान होती, म्हणून मी त्यांचं झाकण उघडायला धजेना. आठवडाभर जास्त बंद राहिली, आत बुरशी आली आणि बुडापासून कुजली. म्हणजे बघा, उन्हात फेकलं तरी मरतात आणि कायम झाकून ठेवलं तरी मरतात. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्कूटरवरून आम्ही जरा जास्तच सोडलं म्हणायचं तिला." तिला टोचायचा माझा हेतू नव्हता. पण ती समजली.

चार आठवडे झाले त्या दिवशी मी तिला ड्राफ्टची आठवण केली. ती म्हणाली, "राहू दे तिथेच. असला की बरं वाटतं." मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. नोकरी तिला फार आवडते असं नाही. वर्षभराने बदलेनही म्हणते. पण तेव्हा ती पळून जाणार नाही, ठरवून जाणार आहे. जुलैत तिने खराडीला दोन मुलींसोबत फ्लॅट घेतला. जाताना दह्याच्या डब्यातल्या चारांपैकी एक रोप मागून नेलं. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. धुण्याची पिशवी घेऊन!

तुम्हाला करून बघायचंय?

बाटली घरी आणल्यावर दोन-तीन दिवस तशीच सावलीत, उजेडाच्या जागी राहू द्या. मग उघडा. कोमट पाण्यात जेली अगदी नीट धुवा. साखर राहिली की बुरशीला आमंत्रण.

कोकोपीट आणि सालींचे बारीक तुकडे अशा भुसभुशीत मिश्रणात लावा. साधी चिकट माती नको.

पहिला आठवडा पारदर्शक झाकणाखाली. दुसऱ्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास झाकण उघडा. तिसऱ्यात अर्धं उघडं. चौथ्यात काढून टाका. पानं वळायला लागली तर एक पायरी मागे या, त्यात कमीपणा नाही.

उजेड भरपूर, पण थेट दुपारचं ऊन गुझमानियाला मोठेपणीही नको. मोठ्या रोपाच्या मधल्या पेल्यात थोडं पाणी असू द्या आणि ते बदलत राहा, नाहीतर डास पाहुणे येतात.

रोप पुरेसं मोठं झालं आणि फुलायचं नाव घेत नसेल तर एक जुनी युक्ती. पिकलेल्या सफरचंदासोबत आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू त्याला फुलायचा इशारा देतो. तुरा दिसायला पुढे काही महिने लागतात. लहान रोपावर हा प्रयोग करू नका.

आणि हो, एक गुच्छ एकदाच फुलतो. मग तो हळूहळू जातो, पण जाण्याआधी बुडाशी पिल्लं देऊन जातो. ती थोडी मोठी होईपर्यंत आईपासून तोडायची नाहीत. किती मोठी? मैत्रीण म्हणते, आईच्या एक तृतीयांश. आमच्या घरी यावर अजून चर्चा चालू आहे.